पूजेला लावलेली घंटा

चुका सांगायची मला लाज वाटत नाही. नोकरीत नवा असताना तारा उलट्या जोडून मी एका अख्ख्या खात्याच्या मोटारी उलट्या फिरवल्या होत्या. ते मी लग्नाच्या पंगतीत बसूनही सांगितलंय आणि लोकांनी पोट धरून हसून घेतलंय. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आईला नाही, पुढे बायकोला नाही. कारण त्यातली चूक फक्त सकाळची होती. दुपारी मी जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर मी पिंपरीत नोकरीला लागलो. आण्या-पैचे दिवस होते. मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीची रानं होती आणि त्यांच्या मधूनच एखादं नवं कोरं पत्र्याचं शेड उभं राहायचं. आम्ही मूळचे सोलापूरकडचे. पुण्यात डिप्लोमा केला, चिंचवड गावात एक खोली भाड्यानं घेतली आणि आईला घेऊन आलो. कंपनी यंत्रांचे सुटे भाग करायची. मी विजेच्या खात्यात, सहा-सात महिन्यांचा कच्चा नोकर. 'दिवाळीला कायम करू,' असं मोठ्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. मोठे साहेब म्हणजे आमचे मुख्य इंजिनिअर. त्यांच्या तोंडी शब्दावर आम्ही घर चालवायचो.

त्या वर्षी कंपनीनं आवारातली एक जुनी इमारत ऑफिससाठी दुरुस्त करायला घेतली. लढाईच्या काळात लष्करानं बांधलेली लांबलचक दुमजली कोठी ती. जिना लाकडाचा, वरची तक्तपोशी लाकडाची, डोक्यावर कौलं. आमच्या लोकांनी त्यात प्लायवूडच्या भिंती घातल्या, कौलांखाली तरटाचं छत ताणून त्याला पांढरा रंग दिला, सगळीकडे वॉर्निश फासलं. वरून नवरीसारखी दिसायची आणि आतून निव्वळ सरपण. वरच्या मजल्यावर नकाशांची खोली आणि शेजारी जुन्या कागदांचं रेकॉर्ड. एकदा मोठे साहेब जिना चढता चढता थांबले, वर बघत राहिले आणि मला म्हणाले, "इथं आगीची घंटा पाहिजे. आराखडा तू काढ."

अहो, मला शिंगं फुटली! सहा महिन्यांचा पोरगा मी, आणि अख्ख्या इमारतीचं काम माझ्या एकट्याच्या नावावर. मुंबईच्या एका पेढीचा कॅटलॉग मागवला, तो उशाला घेऊन झोपायचो. तीन आठवडे खपून नकाशा काढला. आठ ठिकाणी भिंतीत लाल पेट्या. पेटीला काच, काचेनं आतलं बटण दाबून धरलेलं. शेजारी साखळीला लहानशी हातोडी. काच फोडली की बटण बाहेर उसळणार, तारेतून वीज धावणार आणि घंटा वाजणार. मुख्य दाराशी एक बोर्ड, त्यावर आठ झडपा. ज्या पेटीची काच फुटेल तिची झडप खाली पडणार. एक पितळी घंटा बोर्डाशी आणि दुसरी, चांगली परातीएवढी, गेटवरच्या चौकीत. आग विझवणारी माणसं, पाण्याची गाडी आणि होजपाइप चौकीतच असायचे, आणि चौकी इमारतीपासून इतकी लांब की इथून बोंब मारली तर तिथं कावळासुद्धा उडायचा नाही.

साहेब नकाशावर बराच वेळ वाकून बसले. मग म्हणाले, "हे सगळं ठीक. पण हे यंत्रच मेलं तर मला कोण सांगणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे बॅटरी उतरली. उंदरानं तार खाल्ली. कुणी मेन स्विच पाडला. ते आग लागेल तेव्हाच कळणार का आपल्याला?"

खोटं कशाला सांगू, हे मला ठाऊक होतं. कॅटलॉगात त्याची सोय होती. वीज तुटली की एक दिवा लागतो आणि बारीक भुणभुण सुरू होते, ती कुणी येऊन बघेपर्यंत थांबत नाही. मीच ते गाळलं होतं. नंतर ध्यानात आलं तेव्हा नकाशा शाईनं काढून झाला होता, आणि तेवढ्यासाठी निम्मा नकाशा पुन्हा काढणं माझ्या जिवावर आलं. आळस, दुसरं काय! मी छाती काढून म्हणालो, "साहेब, मी आहे की. रोज सकाळी मी स्वतः बघीन."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. मी आहे की! काय पण मिजास.

इमारतीवर पहारेकरी म्हणून मोशीचा एक शेतकरी होता. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक, डोक्याला मळकट मुंडासं. त्याचा एक जमिनीचा तुकडा कंपनीच्या आवारात गेला होता, त्या बदल्यात त्याला ही नोकरी मिळाली होती. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. बाकीचे पहारेकरी विडी ओढायला गेटवर जमायचे, पण मामा इमारत सोडून हलायचा नाही. "रान राखायची सवय हाय सायेब," म्हणायचा. "राखनदार बांध सोडून गेला की पाखरं उतरलीच म्हनून समजा."

यंत्र बसलं तेव्हा मी सगळ्यांना एकदा काच फोडून दाखवली आणि मग मामाच्या हातून फोडवली. घंटा दणाणली. मामा दचकला, हसला आणि धोतर सावरत थेट गेटकडे पळत सुटला, माणसांना बोलवायला. वाटेत ती माणसंच त्याला पळत येताना भेटली. मी सगळ्यांसमोर त्याला झाडला. "मामा, अहो घंटा वाजली की ते आपोआप येणार! तुम्ही जागा सोडलीत तर आग कुठल्या खोलीत आहे ते त्यांना कोण दाखवणार? काच फोडायची आणि पेटीपाशीच उभं राहायचं. माणसं येईस्तोवर हलायचं नाही. काय करायचं?"

"उबं ऱ्हायाचं."

"कुठवर?"

"मानसं येस्तवर."

शाळेतल्या पोराकडून पाढा म्हणून घ्यावा तसं मी त्याच्याकडून हे चार-पाच वेळा वदवून घेतलं. बाजूला उभे असलेले कारकून गालात हसत होते. माझ्या बापाच्या वयाचा माणूस होता तो. पण त्याला राग नव्हता. नंतर तो पेटीची काच रोज धोतराच्या सोग्यानं पुसायला लागला.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मी रोज सकाळी बोर्ड बघायचो, बॅटऱ्या बघायचो. आणि मग खंडेनवमी आली.

कारखान्यात खंडेनवमी म्हणजे काय, हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. घरातला गणपतीसुद्धा एवढा सजत नाही. लेथ धुऊनपुसून लख्ख, स्पॅनर आणि हातोडे पाटावर ओळीनं मांडलेले, सगळ्याला हळदकुंकू, झेंडूचे हार, प्रत्येक यंत्रापुढे नारळ. आणि एकदा पुजलं की त्या हत्याराला दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. सुतार करवत उचलणार नाही, न्हावी वस्तरा. आमच्या घरी तर त्या दिवशी आई विळीसुद्धा पूजेत मांडायची आणि भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. कारखान्याला निम्मा दिवस काम, मग पूजा, पेढे, आणि बारा वाजता सगळे घरी.

आमच्या खात्यानं त्या वर्षी माझा बोर्ड पुजायचं ठरवलं. म्हणजे मीच सुचवलं, बाकीच्यांनी हो म्हटलं. मी पितळी घंटा चिंचेनं घासून सोन्यासारखी केली. झेंडूचा असा जाड हार आणला की बोर्ड निम्मा झाकला जावा. ओले हार आणि कुंकवाचं पाणी तारांच्या टोकांना लागून आरतीच्या मध्येच घंटा वाजायला नको, म्हणून सगळे जमायच्या आधी मी एकट्यानं बोर्डावरच्या मेन स्विचचा खटका खाली ओढला. हार वरून असा सोडला की खटका त्याच्याआड गेला. मग पूजा झाली. मोठे साहेब आले, अक्षता टाकून गेले.

सगळे पांगल्यावर मी खटका वर करायला हात पुढं केला. हाराचा दोरा खटक्यावर ताणून बसला होता, तो तोडल्याशिवाय खटका वर होणार नव्हता. आणि पुजलेल्या यंत्राला हात? आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. म्हटलं, इमारतीत आज कोण आहे? दिवसभर सगळं बंद. उद्या सकाळी उत्तरपूजा करू, हार उतरवू, खटका वर करू. यंत्रालाही एक दिवस विसावा. मी हात जोडले आणि घरी गेलो. अक्कल गहाण टाकलेला इंजिनिअर होतो मी, दुसरं काही नाही. आगीला कसली आलीय खंडेनवमी?

वरच्या मजल्यावर नकाशावाल्यांनीही आपल्या खोलीत पूजा मांडली होती. टी-स्क्वेअर, पेनं, कंपासपेट्या, सगळं टेबलावर मांडून पुढं समई. पूजेचा दिवा कुणी फुंकून विझवत नाही, तो आपला आपण शांत होऊ द्यायचा असतो. त्यांनी तो तसाच तेवत ठेवला, दार लोटून घेतलं आणि तेही घरी गेले. शेजारी नकाशांच्या गुंडाळ्या, वर तरट.

दुपारी मी जेवून आडवा झालो होतो. गाढ झोपलो होतो, हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो. खालून कुणी तरी सायकलची घंटी बडवत ओरडलं, "ऑफिसला आग!" मी अनवाणीच सायकलवर बसलो. चिंचवड ते पिंपरी वाटभर मी देवाला एकच गोष्ट विचारत होतो, की खटका मी नक्की खालीच ठेवला होता ना. जणू देव 'नाही' म्हणाला असता तर खटका आपोआप वर गेला असता.

पोचलो तोवर आग आटोक्यात आली होती. नकाशांची खोली गेली होती, निम्मं रेकॉर्ड गेलं होतं. वरून काळं पाणी जिन्यावरून वाहत होतं. माणूस कुणी गेलं नव्हतं. बाहेर गेटवरची माणसं खोकत उभी होती. त्यांच्याकडून कळलं की मामा धापा टाकत, ओरडत गेटपर्यंत आला, तेव्हा त्यांना आग समजली. घंटा वाजलीच नाही. "म्हातारा डुलकी घेत असणार," त्यातला एक जण म्हणाला. मामा त्यांच्याबरोबर परत आत गेला होता, खोली दाखवायला, आणि अजून वरच होता.

मी आत शिरलो. दाराशी बोर्ड तसाच होता, ना धग ना काजळी. झेंडू टवटवीत. मी हारामागं हात घातला. खटका खाली.

आता जे झालं ते मी ठरवून केलं का, हे मला आजही सांगता येत नाही. आजूबाजूला कुणी नाही असं बघून केलं, एवढं मात्र खरं. मी खटका वर सारला. हार तटकन तुटला, फुलं पायाशी पडली आणि त्याच क्षणी घंटा दणाणली! मी हादरलोच. सहाव्या पेटीची झडप खाडकन पडली. सहावी म्हणजे वरच्या जिन्याच्या तोंडाशी असलेली. म्हणजे मामानं काच केव्हाच फोडली होती. बटण उसळून बसलं होतं, घंटा फक्त विजेची वाट बघत होती. त्यानं सांगितल्याप्रमाणं सगळं केलं होतं.

बाहेरची माणसं धावत आत आली. पाठोपाठ मोठे साहेब. आणि वरून जिन्याचं पाणी तुडवत मामा खाली आला. मुंडासं नव्हतं, भुवया जळलेल्या, डोळे लालबुंद, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. आणि चेहऱ्यावर काय असावं? आनंद! "वाजली! सायेब, वाजली बगा!" माझ्याकडे बघून तो म्हणाला. आपली काच वाया गेली नाही, एवढंच त्या माणसाला कळलं होतं.

साहेब त्याच्यावर गरजले, "आत्ता काच फोडतोस? सगळं जळून गेल्यावर?"

"न्हाई सायेब. आदीच फोडली. धूर बगितला आन् फोडली. उबा ऱ्हायलो. लई येळ उबा ऱ्हायलो. मानसं येईनात, मंग..."

"आणि घंटा आत्ता वाजली?" साहेब माझ्याकडे वळले. "काय रे? यंत्राला काही झालं होतं का?"

फुलं माझ्या पायाशी पडली होती. एक वाक्य बोलायचं होतं. 'खटका मी पाडला होता.' चार शब्द. दिवाळी वीस दिवसांवर होती. मी म्हणालो, "यंत्र चालू आहे, साहेब. काच फोडली की वाजतंच."

बघा, यात एक अक्षर खोटं नाही. मी ते वाक्य त्यानंतर हजार वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे. एवढं नितळ वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही, आणि त्याची मला शिसारी येते.

दसऱ्यानंतर साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. साहेब, ऑफिसचे मॅनेजर, समोर मी, आणि दाराशी हाताला फडकी बांधलेला मामा. मला यंत्र चालवून दाखवायला सांगितलं. मी तीन पेट्यांच्या काचा फोडल्या. तिन्ही वेळा घंटा वाजली. मामाला विचारलं. तो तेच म्हणाला, आधी फोडली, वाजली नाही, मग वाजली.

मॅनेजर म्हणाले, "म्हणजे घंटा आधी रुसून बसली आणि मग तिचा रुसवा गेला, असं का?"

सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिताना हात थांबला होता, पण लिहितो. मीही हसलो.

"डोळा लागला असेल तर तसं सांग," साहेब जरा मऊपणानं म्हणाले. "सणाचा दिवस होता, खाल्लं असशील गोडधोड. कबूल कर, दुसरीकडे कुठं तरी लावतो तुला."

मामा म्हणाला, "न्हाई लागला. लागलाच न्हाई तर लागला कसं म्हनू?"

तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. यंत्र माझं, तेव्हा त्याच्या पोटातलं मलाच ठाऊक असणार, मी आता काही तरी सांगेन, अशा सरळ नजरेनं बघत होता. मी नकाशाची घडी घालत बसलो. त्याला कामावरून काढलं. कागदावर लिहिलं, पहाऱ्यावर झोपला आणि अंगावर येऊ नये म्हणून मागाहून काच फोडली. यंत्रात दोष नाही, असंही लिहिलं.

दिवाळीला मी कायम झालो. पुढच्या दोन महिन्यांत मी नकाशा पुन्हा काढला आणि तो गाळलेला दिवा आणि भुणभुण त्यात घातली. साहेबांना म्हटलं, एक सुधारणा सुचली आहे. साहेब खूश झाले, चार माणसांत माझी पाठ थोपटली. आईनं पेढे वाटले. मी एक खाल्ला.

मामाच्या खबरा अधूनमधून कानावर यायच्या. मोशीची दोन-चार माणसं कारखान्यात होती, ती गंमत म्हणून सांगायची. गावात त्याला आता 'झोपलेला' म्हणतात. देवळात भजनाला बसला की कुणी तरी म्हणतंच, "जागं ऱ्हावा मामा, घंटा वाजंल!" त्याचा थोरला मुलगा, चांगला बाप्या गडी, कामासाठी आमच्या गेटवर आला होता. गेटवाल्यानं त्याला नाव-गाव विचारलं आणि म्हणाला, "त्या झोपलेल्याचा तू? जा बाबा घरी, तू पण झोप." हे सांगून तो सांगणारा खदाखदा हसला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. तसं न जेवण्यानं कुणाचं काय भलं होतं?

दीड वर्षानं, एका रविवारी, मी सायकल काढली आणि मोशीला गेलो. सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो. गावात घर विचारलं तर चहाच्या टपरीवरच्या एकानं "कोन? झोपलेला व्हय? त्यो रानात हाय," म्हणून नदीकडे हात केला.

इंद्रायणीच्या काठाशी कांद्याचा वाफा होता आणि मामा त्यात कुदळीनं पाणी वळवत होता. उजव्या हाताची कातडी गुलाबी, ताणलेली. मला बघून तो उभा राहिला. "या सायेब," म्हणाला आणि बांधावरची आपली घोंगडी झटकून मला बसायला टाकली. मी बसलो नाही. बसलो तर बोलता येणार नाही अशी भीती वाटली. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खटका, हार, मी परत वर केला ते, चौकशीत गप्प बसलो ते. शेवटी म्हणालो, "मामा, चूक माझी होती. तुमचं काही चुकलं नव्हतं."

वाटलं होतं, तो शिव्या देईल. किंवा रडेल. किंवा 'जाऊ द्या सायेब' म्हणेल, आणि खरं सांगायचं तर त्याच शब्दांसाठी मी सहा-सात मैल सायकल मारली होती. त्यानं यातलं काही केलं नाही. त्यानं कुदळ चिखलात रोवली आणि तो तापलाच.

"ह्ये मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "मला ठावं न्हाई व्हय? म्या तितं उबा व्हतो. धूर गिळत उबा व्हतो. घंटा वाजली न्हाई ह्ये मला तुमी सांगाया पायजे? ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा की!"

तो म्हणाला, "गावाला मारा गोळी. माजी बायकूबी म्हनती, डोळा लागला आसंल तुमचा, दमला आसाल. दीड वरीस झालं, रोज म्हनती. मायेनं म्हनती, पर म्हनती. ती बगा आली भाकर घिऊन. तिला सांगा. बाकी कुनाला न्हाई सांगितलं तरी चालंल."

बांधावरून एक बाई येत होती, डोक्यावर पाटी, पाटीत फडक्यात बांधलेल्या भाकरी. जवळ आली, मला बघून तिनं पदर सारखा केला. "कंपनीतलं सायेब हायत," मामा म्हणाला, "तुला कायतरी सांगत्यात."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण बाईनं पाटी खाली ठेवली आणि माझ्या पायाशी वाकली. मला काही कळायच्या आत वाकली. "सायेब, माफी करा आमच्या मानसाला," ती म्हणाली. "चुकलं त्येचं. लागला डोळा, म्हातारा जीव हाय. तुमचं लई नुकसान झालं. पर आता पोराला तरी कामावर घ्या. त्यो न्हाई झोपायचा."

मामा माझ्याकडे बघत होता. चौकशीच्या दिवशी बघत होता तसाच, सरळ. पाटातलं पाणी वाफा फोडून भलतीकडे वाहायला लागलं होतं, तरी तो हलला नाही. माझ्या तोंडून शब्द फुटायची वाट बघत उभा राहिला.

मी त्या बाईला म्हणालो, "बघतो."